झोंगरीचा तो एक दिवस कापू नका

कोल्हापुरातल्या सगळ्या ट्रेकिंग ग्रुपांना, त्यांच्या लीडर मंडळींना, आणि दिवाळीच्या आसपास सिक्कीमची बॅच काढणाऱ्या सगळ्या दादा-ताईंना,

सप्रेम नमस्कार.

मी राजारामपुरीत मेडिकल चालवते. तुमच्यातले बरेच जण मला तोंडओळखीनं ओळखत असाल, कारण ट्रेकच्या आधी क्रेप बँडेज, ओआरएस, व्होलिनी आणि हल्ली डायमॉक्सची (उंचीच्या त्रासावरची गोळी) स्ट्रिप घ्यायला तुम्ही माझ्या काउंटरवर येता. मी पण तुमच्यातलीच आहे, पन्हाळा ते पावनखिंड आजवर सात वेळा चालले, दाजीपूरच्या जंगलात जळवा काढत फिरले, मसाई पठारावर धो धो पावसात रात्र काढली. त्यामुळं हे पत्र बाहेरून कुणी उपदेश करतंय असं समजू नका, घरातल्या बाईनं बोललेलं समजा. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी कोल्हापूरच्याच एका ग्रुपबरोबर सिक्कीमच्या कांचनजंगा नॅशनल पार्कमधला गोएचा ला या खिंडीचा ट्रेक केला, आणि तिथं जे झालं ते इतके महिने मनात ठेवून झालं, आता परत पुढच्या बॅचचे मेसेज फिरायला लागलेत म्हणून लिहितेय. ग्रुपचं नाव लिहिणार नाही, कारण मी बरेच प्लॅन बघितले आणि जवळपास सगळ्यांनी तीच चूक केलेली आहे, एकाला धरून काय उपयोग नाही.

माझं मागणं एकच आहे. वाटेवर झोंगरीच्या मुक्कामाला जो एक दिवस थांबायचा असतो तो कापू नका.

आता ज्यांना हा ट्रेक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कांचनजंगा नॅशनल पार्क १९७७ साली झालं, १७८४ चौरस किलोमीटर एवढं मोठं आहे, आणि २०१६ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हणून घेतलं, ते पण निसर्ग आणि संस्कृती दोन्हीसाठी, भारतात असा मिश्र वारसा म्हणून लागलेली ही पहिली जागा. आत रस्ता नाही. युकसोम हे शेवटचं गाव, तिथं जीप थांबली की पुढं सगळं पायी, सामान झोच्या पाठीवर (झो म्हणजे याक आणि गाईची संकरित जात, भारी शांत जनावर). युकसोम ही सिक्कीमची पहिली राजधानी, १६४२ मध्ये पहिल्या चोग्यालचा, म्हणजे राजाचा, राज्याभिषेक तिथंच झाला, ते दगडी सिंहासन अजून आहे, जाणार असाल तर आदल्या दिवशी संध्याकाळी बघून या.

कोल्हापूरहून युकसोमला पोचायलाच तीन दिवस जातात. आम्ही पुण्यापर्यंत गाडी, तिथून विमान, मग बागडोगऱ्याहून जोरथांगमार्गे जीपनं सात-आठ तास. म्हणजे जाऊन-येऊन पाच-सहा दिवस प्रवासातच. आणि आपल्या लोकांना रजा किती मिळते? शिरोली एमआयडीसीतल्या माणसाला, बँकेतल्या माणसाला, शिक्षकाला, सगळ्यांना दिवाळीला जोडून दहा-बारा दिवस मिळाले तर डोक्यावरून पाणी. मला हे कळतं. म्हणून तर लीडर लोक कागद-पेन्सिल घेऊन बसतात आणि म्हणतात हा एक दिवस काढू, हे दोन मुक्काम एकत्र करू, आणि सगळ्यात आधी कापला जातो तो दिवस ज्या दिवशी चालायचं काहीच नसतं. प्लॅनवर तो दिवस रिकामा दिसतो ना. "झोंगरी, विश्रांती." पैसे भरून तंबूत बसायला कोण जातंय, असं वाटतं. आमच्या प्लॅनमधून तो दिवस काढला आणि त्याच्या जागी शेवटी दार्जिलिंगला एक दिवस शॉपिंगला ठेवला. आम्ही सगळ्यांनी तो प्लॅन वाचला होता, मी पण वाचला होता, आणि मला आनंदच झाला होता की चला, दार्जिलिंग पण होतंय.

आता उंचीचा हिशोब बघा, आणि आपल्या उंचीशी लावून बघा म्हणजे डोक्यात बसेल. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ५४०० फूट. युकसोम, जिथून चालायला सुरुवात होते, तेच जवळजवळ पावणेसहा हजार फुटांवर आहे, म्हणजे आपण सुरुवातच कळसूबाईच्या डोक्यावरून करतो. पुढचा मुक्काम त्शोका, साधारण दहा हजार फूट. त्याच्या पुढचा मुक्काम झोंगरी, साधारण तेरा हजार फूट. एका दिवसात तीन हजार फूट वर जाऊन तिथंच झोपायचं. डॉक्टरांचा जो सर्वसाधारण नियम आहे तो सांगतो की दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर रोज झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा, म्हणजे सोळा-साडेसोळाशे फुटांपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांतून एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. या वाटेवर त्शोका ते झोंगरी ही उडीच दुपटीची आहे, ती टाळता येत नाही कारण मधे मुक्कामाला धड जागा नाही, फेडांगला थांबलात तरी तेही बारा हजारांवर. म्हणून तर झोंगरीला दुसरी रात्र ठेवलेली असते, ती उडी शरीराला पचायला. तो दिवस आरामाचा आहे असं म्हणणंच चूक आहे, त्या दिवशी शरीर काम करत असतं, फक्त पाय करत नसतात.

काय काम करतं ते मेडिकलवाली म्हणून सांगते. झोंगरीच्या उंचीवर हवेचा दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासात आपल्याला समुद्रकाठच्या मानानं साठ टक्क्यांच्या आसपासच ऑक्सिजन मिळतो. शरीर आधी श्वास वाढवतं. श्वास वाढला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्त अल्कलीकडं झुकतं, मग मूत्रपिंडं ती अल्कली लघवीतून बाहेर टाकायला लागतात, तेव्हा कुठं माणूस झोपेत पण नीट जोरात श्वास घेऊ शकतो. याला एक-दोन दिवस लागतात म्हणजे लागतातच, तुम्ही पैलवान असा नाहीतर कारकून असा. लाल पेशी वाढतात ते तर पुढं आठवड्यांनी. म्हणून वर गेल्यावर लघवी जास्त होते ते चांगलं लक्षण आहे, आणि इथं बायकांना एक सांगायचंय, टॉयलेट टेंट लांब आहे, रात्री थंडीत उठायला नको म्हणून आपण दुपारनंतर पाणी प्यायचंच बंद करतो, मी पण केलं, तसं करू नका. आणि लीडर लोकांनो, टॉयलेट टेंट बायकांच्या तंबूजवळ लावा, एवढं साधं आहे ते.

आणि फिटनेसचं जे आपल्या डोक्यात बसलंय ना, ते जरा बाजूला ठेवूया. आपलं कोल्हापूर म्हणजे तालमीचं गाव, लाल मातीत घाम गाळायचा, गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायचं, आणि कुठल्या पण कामाला ईर्ष्येनं भिडायचं, याचा मला अभिमान आहे आणि कायम राहील. पण उंचीला रग चालत नाही. रोज पंधरा किलोमीटर पळणारा माणूस आणि माझ्यासारखी काउंटरवर उभी राहणारी बाई, दोघांना डोंगराचा त्रास होण्याची शक्यता सारखीच असते, उलट फिट माणसालाच जास्त धोका, कारण तो भराभर वर जातो आणि डोकं दुखत असलं तरी बोलत नाही.

आमच्यात असाच एक गडी होता. नाव लिहीत नाही, त्याला आम्ही पैलवानच म्हणायचो. वय बेचाळीस, लहानपणी तालमीत, आता फौंड्रीत सुपरवायझर, पन्हाळा-पावनखिंड एका दमात चालणारा, दुसऱ्यांच्या सॅका उचलणारा. युकसोमहून त्शोकाला आम्ही सरळ एका दिवसात गेलो, साचेनचा मुक्काम पण गाळलेला, तो सगळ्यांत पुढं. प्रेक छूवरच्या झुलत्या पुलावर उभा राहून मागच्यांचे फोटो काढत होता. दुसऱ्या दिवशी फेडांगपर्यंत पण पुढं. आमचा गाईड युकसोमचाच, पोरसवदा, तो मागून सारखा म्हणत होता "बिस्तारै दाजू, बिस्तारै", म्हणजे हळू दादा हळू. पैलवान हसायचा.

झोंगरीला संध्याकाळी पोचलो आणि तो जेवला नाही. ज्या माणसाला घरी चार भाकरी लागतात तो सूपचा मग हातात धरून बसला आणि म्हणाला डोकं जड झालंय, मळमळतंय. आणि आम्ही सगळे काय म्हणालो माहितीये? पित्त झालंय. आपल्याकडं डोकं दुखलं की पित्त, उलटी झाली की पित्त, उपाशी राहिलं की पित्त. लीडर म्हणाला पित्तच आहे, दुपारी ते डबाबंद काहीतरी खाल्लं ना त्याचं. पित्ताची गोळी मी दिली. माझ्या हातानं, माझ्या पाऊचमधून काढून दिली, मी रोज दुकानात डायमॉक्सच्या स्ट्रिपा विकणारी बाई. दहा हजार फुटांच्या वर डोकं दुखलं आणि त्याच्या जोडीला मळमळ, भूक नाही, थकवा, झोप नाही यातलं काही असलं तर दुसरं कारण सापडेपर्यंत ते उंचीमुळंच आहे असं धरून चालायचं, हे मला माहीत होतं, वाचलं होतं, आणि तरी तोंडातून पित्त आलं. ते मला अजून लागतं.

आता तिथं दुसरा दिवस थांबायचा असता तर काय झालं असतं? बहुतेक सकाळी आम्ही उजाडायच्या आत झोंगरी टॉपला गेलो असतो, कांचनजंगा, काब्रू, पांडिम एकामागून एक लाल होताना बघून नाश्त्याला परत आलो असतो, तो झोपून राहिला असता, दुपारपर्यंत डोकं उतरलं तर ठीक आणि नाही उतरलं तर तिथूनच त्याला त्शोकाला खाली नेला असता, चार तासांचं काम. पण आमचा दिवस कापलेला. म्हणून पहाटे टॉप, आल्याबरोबर नाश्ता, आणि लगेच थानसिंगकडं कूच. आणि ही वाट कशी आहे ते नीट समजून घ्या, कारण हे प्लॅनच्या कागदावर दिसत नाही. झोंगरीहून वाट आधी खाली कोकचुरांगला नदीपर्यंत उतरते, हजारभर फूट, मग परत वर थानसिंग, मग लामुने, मग तलाव. उतरताना आजारी माणसाला बरं वाटतं, पैलवानाला पण वाटलं, म्हणाला बघ पित्त होतं. पण कोकचुरांगच्या पुढं गेलात की खाली यायला सरळ वाट नाही. परत फिरायचं तर आधी कोकचुरांग, मग नदी सोडून चढ-उतार करत फेडांग, आणि तिथून पुढं खरा उतार लागतो. म्हणजे आजारी माणसाला खाली न्यायचंय आणि वाट त्याला बारा हजारांवरच दिवसभर फिरवते. झोंगरी हा शेवटचा टप्पा आहे जिथून माणूस थेट खाली जाऊ शकतो. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. कुणाला उंची मानवतेय आणि कुणाला नाही हे झोंगरीच्या दुसऱ्या दिवशी कळतं, आणि कळल्यावर काही करता येईल अशी ती शेवटची जागा आहे.

लामुनेला आम्ही चौथ्या दिवशी दुपारी बाराला पोचलो, पावणेचौदा हजार फूट. पैलवान सगळ्यात मागं आला आणि बुटासकट तंबूत आडवा झाला. आम्ही बाकीचे तीनच्या सुमाराला तलावावर गेलो.

त्या तलावाबद्दल लिहायलाच पाहिजे. समिती म्हणतात त्याला, नाव ऐकून आपल्याला पंचायत समिती आठवते, पण तिथल्या लोकांचं जुनं नाव सुंगमोतेंग छो, आणि तो त्यांचा देवाचा तलाव आहे. एका बाजूला ग्लेशियरनं आणून टाकलेल्या दगड-मातीची उंच भिंत, समोर पांडिमचा कडा, आणि मधे ते पाणी. रंग कसा सांगू, पैठणीचा तो मोरपंखी असतो ना, आणि ढग आला की एका क्षणात शिसं ओतल्यासारखा करडा. काठावर दगडांच्या चळती रचलेल्या, त्यांच्यामधून बांधलेल्या प्रार्थनेच्या पताका फडफडत होत्या, तेवढाच आवाज. काठाजवळ बसून बघितलं तर तळाचा प्रत्येक खडा दिसत होता, एक शेवाळाचा धागा नाही. मी तिथं बसून रंकाळ्याचा विचार करत होते. लहानपणी आजोबांबरोबर रंकाळ्यावर भेळ खायला जायचो, आणि नंतर त्याच रंकाळ्यावर जलपर्णी आणि हिरवं दुर्गंधीचं पाणी पण आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. सांडपाणी, साबण, खरकटं पाण्यात गेलं की काय होतं हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. आणि रंकाळ्यात निदान ऊन आहे, पाणी हलतं, वर्षभर काही ना काही कुजून जातं. या तलावावर कित्येक महिने बर्फ, पाणी कायम गारठलेलं, तिथं पडलेलं काही लवकर कुजत नाही. पूर्वी लोक तलावाच्या काठावरच तंबू लावायचे, घाण इतकी झाली की ते बंद करावं लागलं, म्हणून आता मुक्काम खाली लामुनेला. आमच्यातल्या एकानं तोंड धुवायला फेसवॉश काढला तर गाईडनं काही न बोलता त्याच्या हातातून ट्यूब घेतली, दुसरीकडून भरून आणलेलं बाटलीतलं पाणी दिलं आणि वाटेच्या पलीकडं लांब जायला सांगितलं. आपण अंबाबाईच्या देवळात चप्पल घालून जात नाही, तसंच ते.

कांचनजंगा त्यांचा राखणदार देव आहे. १९५५ मध्ये ब्रिटिश टीम पहिल्यांदा वर गेली तेव्हा जो ब्राऊन आणि जॉर्ज बँड शिखराच्या काही फूट खाली थांबले आणि परत आले, कारण सिक्कीमच्या राजाला तसा शब्द दिला होता. ८५८६ मीटर चढून शेवटची काही पावलं सोडून दिली त्यांनी. आम्हाला एक दिवस सोडता आला नाही.

परत आलो तेव्हा पैलवान तंबूबाहेर बसला होता आणि बुटाची नाडी बांधत होता. मी बघत राहिले. दोन टोकं हातात धरून तो बघतच होता, एक वेढा घालायचा, सुटायचा, परत घालायचा, लहान पोराला पहिल्यांदा बूट दिल्यासारखं. बेचाळीस वर्षांचा माणूस. मी म्हणलं काय झालं, तर म्हणाला "ही नाडीच मोठी दिलीय कुणीतरी". मी गाईडला हाक मारली. त्यानं तंबूच्या दोरीकडेनं एक सरळ रेघ काढली काठीनं आणि सांगितलं, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लावत चाल. दुसऱ्या पावलाला पैलवान कलंडला, दारू प्यायल्यासारखा. बसल्या जागी धाप लागत होती, खोकला कोरडा आणि मग घरघर. "लेक लाग्यो दिदी", गाईड म्हणाला. नेपाळीत लेक म्हणजे उंच डोंगर, डोंगर लागला, आपण दृष्ट लागली म्हणतो तसं.

मग आमच्या लीडरची पळापळ सुरू झाली. ऑक्सिमीटर होता, त्याचे सेल संपलेले. ऑक्सिजनचा सिलिंडर प्लॅनमध्ये लिहिलेला, प्रत्यक्षात थानसिंगला राहिलेला. शेजारी कोलकात्याची एक बंगाली टीम होती, त्यांच्याकडून दोन्ही आणलं, बोटाला लावलं तर ६१. त्याच उंचीवर माझा आकडा ८६ होता. त्या लोकांनी आमच्याकडं एकदा बघितलं आणि विचारलं, झोंगरीला थांबला नाहीत? आम्ही कुणीच काही बोललो नाही.

रात्री साडेनऊला त्याला घेऊन निघालो, गाईड, दोन पोर्टर, मी आणि अजून एक जण. पोर्टरनी आळीपाळीनं पाठुंगळी घेतला, ब्याऐंशी किलोचा माणूस, रात्री, उणे थंडीत, दगडांतून. थानसिंगला पोचलो तेव्हा तो आम्हाला ओळखत होता पण आपण कुठं आहोत ते सांगू शकत नव्हता. सिलिंडरची नळी नाकाला लावून तसंच खाली कोकचुरांग. पहाटे चारला तिथल्या झोपडीत त्यानं पहिल्यांदा पाणी मागितलं आणि "वैनीला फोन करू नको" म्हणाला, म्हणजे माझ्यापुढं त्याच्या बायकोला वैनी म्हणाला, तरी मला रडू आलं, कारण निदान बोलला. सतराशे फूट खाली आल्यानं एवढा फरक पडला. पुढं एक अख्खा दिवस फेडांगमार्गे त्शोका, आणि तिसऱ्या दिवशी युकसोम, तिथून जीपनं ग्यालशिंगच्या हॉस्पिटलात. डॉक्टरांनी फोटो काढला, फुप्फुसात पाणी झालं होतं, मेंदूलाही सूज होती बहुतेक असं म्हणाले, आणि म्हणाले रात्री तिथंच झोपवला असता तर सकाळी उठला नसता.

मला माहितीये काही जण म्हणतील, डायमॉक्स सुरू केली असती की. डायमॉक्स मदत करते, शरीर जुळवून घेतं ते जरा लवकर घेतं, पण ती उंचीची परवानगी नाही. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्यायची गोळी आहे, सल्फाची ॲलर्जी असली तर विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही, आणि गोळी घेतली म्हणून दिवस कापला तर काय मिळवलं? माझ्याकडं लीडर लोक वीस-वीस जणांच्या हिशोबानं स्ट्रिपा मागायला येतात. इथून पुढं मी चिठ्ठीशिवाय देणार नाही, आधीच सांगून ठेवते, रागावू नका.

अजून एक, रस्त्याचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्तर सिक्कीममधला साऊथ ल्होनाक तलाव फुटला, एका रात्रीत पाणी खाली आलं, चुंगथांगचं १२०० मेगावॉटचं धरण वाहून गेलं, तिस्तेकाठचा रस्ता जागोजागी तुटला. त्या बाजूला दरडी कोसळल्या की जीप तासन् तास उभ्या राहतात. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा आपण घरात अडकून बसलो होतो ना, कुणाला दोष दिला का? तिकडं पण तसंच. म्हणून प्लॅनमध्ये एक दिवस राखीव पण हवाच, नाहीतर रस्त्यात गेलेला दिवस शेवटी परत झोंगरीतूनच काढला जातो. दार्जिलिंग काढा त्यासाठी. दार्जिलिंग कुठं जात नाही, बायको-पोरांना घेऊन उन्हाळ्यात जाता येतंय.

कचऱ्याचं फार लिहीत नाही, त्यावर बरेच जण लिहितात. फक्त जे बघितलं ते सांगते. युकसोमच्या चेकपोस्टवर आत नेलेल्या प्लास्टिकची यादी लिहून घेतात, बिस्किटाचे पुडे किती, बॅटऱ्या किती, आणि परत येताना तेवढी रिकामी पाकिटं दाखवायची. आमची यादी जुळली नाही. एवढी धावपळ झालेल्या टीमला कुठं रॅपर उचलायचं भान, आणि त्याच्या आधीचे दोन दिवस पण सगळे इतके थकून पोचायचे की हातातलं जिथं पडेल तिथं पडायचं. घाईचा कचरा वेगळाच असतो. पन्हाळा-पावनखिंडीला जुलैत आपण हजारोंनी चालतो, तिथं चिखलात रुतलेल्या पाण्याच्या बाटल्या बघितल्यात ना, त्या पण बहुतेक पुढं पळायच्या नादातल्याच.

तर दादांनो, ताईंनो, दिवस वाढला की रजा वाढते, खर्च वाढतो, बॅच भरत नाही, शेजारचा ग्रुप सात दिवसांत करून आणतो म्हणून लोक तिकडं जातात, हे सगळं मला कळतं. पण तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत तर शेजारचा ग्रुप कुठला उरणार? पोस्टरवर फोटो टाकता, फी टाकता, त्याच्याबरोबर रोज रात्री किती उंचीवर झोपणार तो आकडा पण टाका. लोकांना वाचू दे. रोज संध्याकाळी जेवायच्या आधी प्रत्येकाला विचारा डोकं दुखतंय का, सगळ्यांसमोर नको, एकेकाच्या तंबूत जाऊन विचारा, कारण आपला गडी चारचौघांत दुखतंय म्हणणार नाही. ऑक्सिमीटरचे सेल इथं तपासा, माझ्याकडं आणा, मी फुकट बदलून देते. आणि जो माणूस झोंगरीहून परत फिरेल त्याला पुढच्या ट्रेकला अर्धी फी लावा, म्हणजे तरी पैसे वाया गेले म्हणून कोण ओढत वर जाणार नाही.

कालच एक मेसेज आला, ऑक्टोबरची बॅच, युकसोम ते युकसोम सात दिवस. मी त्या लीडरला फोन केला, चांगला पोरगा आहे, ऐकून घेतलं, म्हणाला बघतो ताई, गाडीचं बुकिंग झालंय. बुकिंग बदलता येतं रे बाळा. आज परत करणार आहे.

पैलवान बरा आहे. महिनाभर जिना चढताना धाप लागायची, आता फौंड्रीत जातो नेहमीसारखा. तलाव त्यानं बघितलेलाच नाही, लामुनेपासून एक किलोमीटरवर होता आणि तो तंबूत पडून. परवा दुकानात आला, काउंटरवर कॅलेंडर ओढून घेतलं आणि पेननं खुणा करत बसला, साचेन एक, त्शोका एक, झोंगरी दोन. मालकाकडं सोळा दिवसांची रजा टाकलीय म्हणाला.

तुमची,
राजारामपुरीतली मेडिकलवाली ताई